जार पडायची वाट पाहू नका, आधी चीक पाजा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून इथे कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले, विजेवर झाले. ते व्हायलाच पाहिजे. आता आम्हाला अर्धा तास मिळाला आहे आणि आम्ही शेळीच्या करडावर बोलणार आहोत, हे ऐकून मागच्या रांगेतले काही जण हसले ते आम्ही पाहिले. हसा. पण हसून झाले की एवढे सांगा, मृगाच्या तोंडावर सरकीची पिशवी ज्यांनी रोख पैसे मोजून घेतली, त्यांच्यापैकी किती जणांच्या खिशात कापसाचा पैसा होता आणि किती जणांच्या खिशात बोकडाचा?

कापसाचा पैसा उन्हाळ्याच्या आत सोसायटी, दुकानदार आणि लग्नकार्य यांच्यात वाटला जातो. ज्वारी खायला पुरली तरी देव पावला. जूनमध्ये कोरडवाहू घरात दोनच गोष्टी उरतात. बाईच्या अंगावरचे किडूकमिडूक आणि दावणीची शेळी. पहिले गहाण पडू नये म्हणून दुसरे विकायचे, अशी आमची अर्थव्यवस्था आहे. म्हणून करडू मेले की नुसते करडू मरत नाही. पुढच्या हंगामाची पिशवी मरते, पोरीची बारावीची फी मरते.

आम्ही इथे एकटे बोलत नाही. आमच्या वस्तीवरची अकरा घरे शेळ्या राखतात, त्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. शेळ्या बहुतेक उस्मानाबादी. त्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र अजून तेच चालते. काळी, उंच, दोन वर्षांत तीन वेत देणारी आणि जुळी देण्याबद्दल नावाजलेली. कागदावर हिशेब करा, सोने दिसेल. आम्हीही केला होता. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या अकरा घरांतून नऊ करडे पहिल्या आठवड्यातच माळावर पुरून आलो.

कोणी म्हणाले थंडी, कोणी म्हणाले नजर, कोणी म्हणाले शेळीच दुष्ट, पिल्लाला जवळ करत नाही. एका घरात तर सुनेच्या पायगुणापर्यंत गोष्ट गेली. खरे कारण आमच्याच हातात होते, हे कळायला दोन वर्षे गेली. ती दोन वर्षे तुमची जाऊ नयेत म्हणून उभे राहिलो.

जार आधी की चीक आधी?

एक रात्र सांगतो. पौषातली थंडी. आमच्यातल्या एका घरची शेळी संध्याकाळी सातच्या सुमारास व्याली. दोन करडे, एक पाट आणि एक बोकड. दोन्ही उभी राहायला धडपडत होती, कासेकडे तोंड नेत होती. सून खाली वाकून करडाचे तोंड सडाला लावायला गेली तर सासू म्हणाली,

"अगं थांब की. जार पडू दे आधी. जार पडायच्या आधी पाजलं तर जार अडकतो."

"आत्याबाई, लई कुडकुडायलीत ती."

"कुडकुडू दे. आमच्या जन्मात असंच केलं."

करडे डालीखाली झाकून ठेवली. जार पडला रात्री एक वाजता. तोवर बोकडाची मान लोंबली होती. पाटीला पाजले, तिने दोन घोट घेतले, पहाटे तीही थंड पडली. सासूने वाईट इच्छेने काही केले नव्हते. तिच्या सासूने तिला जे सांगितले ते तिने सांगितले. आम्ही अकराच्या अकरा घरे तसेच करत होतो. शेळीचे, गाईचे, म्हशीचे, सगळ्यांचे.

आता यातले शास्त्र काय आहे ते बघा. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रथिने आईच्या पोटात असतानाच काही प्रमाणात मिळून जातात. शेळी, मेंढी, गाय, म्हैस या रवंथ करणाऱ्या जनावरांत तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. त्यांच्या वारेतून ही प्रथिने पिल्लाच्या रक्तात उतरत नाहीत. करडू जमिनीवर पडते तेव्हा ते रोगाच्या बाबतीत उघडे असते. त्याचे सगळे चिलखत आईच्या कासेत, त्या पिवळ्या घट्ट चिकात असते. ते पोटात गेले तरच त्याच्या अंगावर चढते.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही प्रथिने आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जाण्याची वाट पहिले काही तासच मोकळी असते. तासागणिक ती आवळत जाते आणि दिवस उलटला की जवळजवळ बंद होते. मग कितीही चीक पाजा, पोट भरेल, पण चिलखत चढणार नाही. खरेदी केंद्रावर आपल्याला हा अनुभव आहेच. काटा बंद झाल्यावर गाडी नेली तर कापूस चांगला आहे की वाईट याला कोणी विचारत नाही.

म्हणून पहिला चीक अर्ध्या तासात, फार झाले तर तासाभरात.

मग जार अडकतो त्याचे काय? तर गोष्ट नेमकी उलटी आहे. करडू सड चोखू लागले की शेळीच्या डोक्यातून एक रस रक्तात सुटतो. त्याने पान्हा फुटतो आणि त्याच रसाने गर्भाशयही आवळते. गर्भाशय आवळले की जार सुटायला मदत होते. म्हणजे आम्ही जार पडावा म्हणून पिल्लाला कासेपासून दूर ठेवत होतो आणि पिल्लू दूर ठेवल्यामुळे जार पडायला उशीर करत होतो. आपल्याच पायावर आपणच धोंडा. जार काही तासांत आपोआप पडतो. बारा तास होऊनही पडला नाही तर डॉक्टर बोलवा. त्याला ओढू नका, त्याला दगड किंवा जुनी चप्पल बांधून लोंबकळत ठेवू नका. आतून तुटला तर शेळी हाताची जाते.

खरवस कोणाचा?

आता थोडे नाजूक बोलतो. खरवस आम्हालाही आवडतो. गाय व्याली की शेजारपाजारी वाडगा जातो, तो न पाठवला तर वर्षभर बोलणे खावे लागते. पण खरवस घट्ट का होतो, याचा विचार आपण कधी केला का? साधे दूध तापवले तर वड्या पडत नाहीत. चिकाच्या पडतात, कारण त्यात प्रथिने गच्च भरलेली असतात आणि उष्णतेने ती गोठतात. त्या प्रथिनांत मोठा वाटा रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचा. म्हणजे जितका खरवस छान घट्ट, तितके वासराचे चिलखत आपण कापून, वर वेलची घालून वाडग्यात घातलेले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातलाच प्रकार.

खरवस खाऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या धारेचा चीक वासराचा. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात निदान दोन लिटर, त्यातला बराचसा पहिल्या सहा तासांत. त्याचे पोट भरून उरेल त्यावर मग आपला हक्क. दुसऱ्या दिवसाच्या दुधाचाही खरवस होतो, जरा सैल होतो इतकेच. पाहुण्यांना चालतो.

आणि उरलेल्यातला एक पेला बाजूला काढा. शेळी आटलेली असेल, मेली असेल किंवा तिला तीन करडे झाली असतील तर गाईचा हा चीक करडाला चालतो. त्याच गोठ्यातल्या गाईचा असेल तर जास्त चांगला, कारण त्या गोठ्यातल्या रोगांची तिच्या अंगाला ओळख असते. फ्रीजच्या साध्या कप्प्यात तो आठवडाभर टिकतो, बर्फाच्या कप्प्यात कित्येक महिने. आमच्या वस्तीवर फ्रीज दोनच घरांत आहेत. त्यातल्या एकात आता आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून चीक ठेवलेला असतो, वर तारीख लिहून. त्या घरच्या नातवाने एकदा डबा उघडून मोठी निराशा करून घेतली.

मात्र हा बर्फ झालेला चीक चुलीवर ठेवाल तर खरवस होईल आणि सगळे मुसळ केरात. हात सोसेल इतक्या गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून हळूहळू वितळवा. चीक कधीच उकळायचा नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये.

हाताने पाजणे

करडू स्वतः उठून चोखत असेल तर त्याच्या वाटेत येऊ नका. सडाच्या टोकाला कधी कधी घट्ट बूच बसलेले असते, एकेका सडाची एक धार पिळून ते मोकळे करा आणि बाजूला व्हा. बेंबीला हळद, राख, शेण काही लावू नका, टिंक्चर आयोडीन लावा. नाळ ओली असते, तिथून रोग सरळ पोटात शिरतो.

हाताने पाजायची पाळी येते ती दुबळ्या करडावर, तिळ्यातल्या तिसऱ्यावर आणि पोरक्यावर. मेंढ्यांतही आता हे वाढणार आहे. आपली दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतले जुळे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि सुवर्णा मेंढी तयार केली. जुळी आली, उत्पन्न वाढले, उत्तम झाले. पण कास तीच आणि तोंडे दोन. दुसऱ्या तोंडासाठी बाटली लागते, हे मेंढी घेतानाच मनाशी ठरवलेले बरे.

उपाशी करडू ओळखायचे कसे, हे आम्हाला कोणा साहेबाने शिकवले नाही. दर साल आमच्या शेतात मेंढ्या बसवणारा एक म्हातारा धनगर आहे, त्याने शिकवले. करडाच्या तोंडात बोट घालायचे. ऊब लागली आणि बोट चोखू लागले तर पोर जगेल, पाजा. तोंड थंड लागले तर आधी शेकोटी, मग दूध. पाठ कमानीसारखी करून, चारी पाय जवळ घेऊन गप्प उभे असेल तर ते उपाशी आहे. पोट भरलेले करडू उठल्यावर ताणून आळस देते. म्हातारा अंधारात नुसते बोट घालत वाघरातून फिरायचा आणि सांगायचा, हे आज रात्री जाईल. जायचे.

थंड करडाला दूध पाजू नका, हे आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो. आमच्याकडे बांबूचे नळकांडे असायचे, बैलाला औषध पाजायचे. गारठलेले करडू दिसले की मांडीवर घ्यायचे, मान वर करायची आणि नळकांड्याने चीक ओतायचा. करडू गिळत नाही, ठसकत नाही, आपल्याला वाटते प्याले. ते प्यालेले नसते. गारठलेल्या जिवाची गिळण्याची शुद्ध गेलेली असते, चीक सरळ फुप्फुसात उतरतो. त्या नऊ करडांपैकी निदान तीन आम्ही स्वतः अशी मारली, मायेने मारली.

करडाच्या अंगाची ऊब १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. मेडिकलमधला साधा थर्मामीटर गुदद्वारात घालून पाहता येते. ९९ च्या खाली उतरली की तोंडाने काही द्यायचे नाही. आधी कोरडे पुसा, गोणपाटाने घासून घासून पुसा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही अंगांना ठेवा. पिवळा बल्ब असेल तर लावा, नव्या एलईडीचा भरवसा धरू नका, तो उजेड देतो, ऊब देत नाही. घरात कापसाचा ढीग पडला आहे म्हणून त्यात खुपसायचा मोह होतो. आम्ही केले. करडू वाचले, कापूस ओला झाला आणि व्यापाऱ्याने त्याचे पैसे कापले. पण तेवढे परवडले.

यात एक अडचण आहे. जन्मल्याला चार-पाच तास उलटून गेले असतील, पोटात काही गेलेले नसेल आणि अंग गार पडले असेल, तर त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. अशाला नुसते शेकले तर झटके येऊन मरते. डॉक्टर त्याच्या पोटात कोमट ग्लुकोजचे इंजेक्शन देतात आणि मग शेकतात. ते काम त्यांचेच. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी मागवता येते. एका रात्री आम्ही गाडीची वाट पाहत बसलो आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दुसऱ्या एका वेळी दीड तासात आली आणि कोकरू उभे करून गेली. फोन करायचाच, पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. करडू पाच तासांच्या आतले असेल तर शेकायला लगेच सुरुवात करा.

आता बाटली. करडू उभे पाहिजे, चारी पाय जमिनीवर आणि मान आईच्या कासेखाली असते तशी किंचित वर. पाठीवर उताणे करून पाजू नका, ते माणसाचे बाळ नाही. मान वर करून चोखताना करडाच्या अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ मिटते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून सरळ चौथ्या पोटात जाते. तिथेच ते पचते. भांडे जमिनीवर ठेवून भसाभसा पाजले तर दूध मोठ्या पोटात सांडते, तिथे आंबते, पोट फुगते, हगवण लागते. बाटली साधी चालते, निपल मात्र मऊ हवे आणि भोक बारीक. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब पडले पाहिजे, धार लागता कामा नये.

किती पाजायचे? पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे एका वेळी ५० मिली, अशा चार वेळा. अडीच किलोचे करडू असेल तर एका वेळी १२५ मिली आणि दिवसभरात अर्धा लिटर. वजन करायला ताणकाटा आणि पिशवी पुरते. वाळक्या मायेने एकदम पाव लिटर पाजू नका. थोडे आणि पुन्हा पुन्हा.

शुद्धीवर आहे, ऊब आली आहे, पण चोखण्याचे त्राण नाही, अशा करडाला नळीने पाजता येते. मेडिकलमध्ये १४ किंवा १६ नंबरची मऊ नळी आणि मोठी सिरिंज मिळते. करडाच्या तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून मोजायची आणि खूण करायची. नळी ओली करून जबड्याच्या कडेने हळू आत सरकवायची, करडू ती गिळत जाते. ठसका लागला, धडपडले, खुणेपर्यंत नळी जात नाही असे झाले की लगेच बाहेर. नळी नीट बसली की सिरिंजचा दट्ट्या काढून तिचे नरसाळे करायचे आणि चीक आपल्या वजनाने उतरू द्यायचा. दाबून ढकलायचा नाही. काढताना नळी बोटांत चिमटून काढायची, नाहीतर शेवटचे थेंब श्वासात जातात. पहिल्यांदा हात कापतात. आमच्यातल्या ज्या बाईने पहिल्यांदा नळी घातली तिने डोळे मिटून घेतले होते, तेवढे मात्र करू नका.

गूळपाणी आणि चहा

चीक नाही, दूध नाही, मग काय करायचे म्हणून आपण गूळपाणी देतो. कोणी साखरेचा चहा देतो, कोणी ज्वारीची पेज. बाळंतिणीला चालते म्हणून करडाला चालेल असे नाही. करडाच्या आतड्याला दुधातली साखर पचते आणि ग्लुकोज चालते. ऊस-गुळाची साखर फोडणारा रसच त्याच्याकडे नसतो. ती तशीच खाली उतरते आणि ढाळ लागतात. पेजेतले पीठही त्या वयात पचत नाही. आपल्याला वाटते पोटाला आधार दिला, प्रत्यक्षात अंगातले उरलेसुरले पाणी काढून घेतले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गाईचे किंवा म्हशीचे दूध द्या, पाणी न घालता. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा खूप दाट असते, म्हणून कोकराला म्हशीचे अधिक मानवते. दिवसाला वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतके दूध, चार वेळा वाटून, वेळ चुकू न देता. आज गाईचे, उद्या म्हशीचे, परवा पुडीचे असे करू नका. बाटली-निपल रोज गरम पाण्याने धुवा. दुसरा आठवडा लागला की शेवरीचा, बोरीचा कोवळा पाला बांधा आणि स्वच्छ पाणी ठेवा. पाला चघळला की मोठे पोट कामाला लागते.

आपण कापूसवाले आहोत म्हणून एक खास सांगतो. घरात सरकी असते, सरकीची पेंड असते, आणि करडू वाळलेले दिसले की हात तिकडे जातो. सरकीत एक विष असते. मोठ्या शेळीचे रवंथाचे पोट ते बरेचसे मारते, करडाचे आणि वासराचे पोट अजून तयार झालेले नसते, त्यामुळे ते विष अंगात भिनते. दूध तुटून पोट पुरते चालू होईपर्यंत पिल्लाला सरकी नाही, पेंडही नाही. गाभण शेळीला मात्र शेवटच्या दीड महिन्यात मूठभर ज्वारी आणि थोडी पेंड जरूर द्या, कारण पोटातले करडू खरे वाढते ते याच काळात. आणि त्याच सुमारास तिला आंत्रविषाराची लस टोचून घ्या. आईला टोचलेल्या लशीचा गुण चिकातून करडाला मिळतो. पैसे एका सुईचे, राखण तीन जिवांची.

वेचणीच्या दिवसांत घरी कोण?

आता खरी अडचण. हे सगळे पाठ झाले तरी पहिल्या तासात शेळीजवळ कोण असणार? आमच्याकडे शेळ्या विणार त्या ऐन वेचणीत. बाई सकाळी सातला पऱ्हाटीत जाते, किलोवर वेचते, ओटी भरल्याशिवाय परत येत नाही. मजुरी सोडून शेळीजवळ बसली तर दिवस बुडतो, नाही बसली तर करडू जाते. ज्याने घरात बसून हा पहिल्या तासाचा नियम लिहिला, त्याला हा प्रश्न पडला नसेल. आम्हाला रोज पडतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शेळी बोकडाला दाखवली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. तिथून पाच महिने, म्हणजे १५० दिवस मोजायचे आणि चार दिवस अलीकडे-पलीकडे धरून लाल खूण करायची. मेंढीचेही जवळपास तेवढेच दिवस. आमच्यातल्या निम्म्या बायांना लिहिता येत नाही, त्यांच्या खुणा शाळेतली पोरे करतात आणि पोरांना आता कोणाची शेळी कधी विणार हे परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त ठाऊक असते.

दुसरे म्हणजे पाळी लावली. ज्या आठवड्यात लाल खुणा आहेत त्या आठवड्यात अकरा घरांच्या विणाऱ्या शेळ्या एकाच वाड्यात बांधायच्या आणि रोज एका घरचे माणूस तिथे राहायचे. म्हातारी सासू असेल तर ती, नसेल तर सून किंवा गडीमाणूस. सून थांबली तर तिची बुडालेली वेचणी बाकीच्या दहा घरांनी वाटून भरून द्यायची, रोख. यावर भांडणे झाली. एका घराने पैसे दिले नाहीत, एका घरच्या म्हातारीने राखणीत झोप काढली. दोन महिने पाळी मोडलीही होती. मग ज्या सासूची गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, तिनेच ती पुन्हा लावली. तिने झाडून सगळ्यांना सांगितले, "माझ्या हातानं दोन गेली, आता तुमची जाऊ द्यायची नाहीत." वाड्याची किल्ली आता तिच्याकडेच असते. शेळी व्याली की ती आधी हात धुते, सड पिळून बूच काढते आणि करडाला लावते. जार पडला की नाही हे ती मागाहून बघते.

मागच्या हिवाळ्यातही करडे गेली. दोन गेली. एक आंधळे जन्मले होते आणि एकाला कुत्र्याने ओढले. उपाशी एकही गेले नाही.

आमची वेळ संपत आली आहे. मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ टेबल मांडले आहे. तिथे बाटल्या, निपल, नळ्या आणि थर्मामीटर ठेवले आहेत. वस्तीवरून तीन दिवसांचे एक करडू सोबत आणले आहे. त्याच्या आईला तिळे झाले, म्हणून त्याला बाटलीची सवय आहे. आता त्याची पाजायची वेळ झाली. बाटली धरून पाहायची असेल त्यांनी हात धुऊन या आणि येताना आपल्या गाभण शेळ्यांच्या तारखा आठवून या. तिथे एक पोरगी वही घेऊन बसली आहे, ती लाल खूण करून देईल.